सुशी घरी करताना आधी भाताकडे पाहावे

मागील अंकात चिकट भाताच्या जातींविषयी लिहिताना, इंद्रायणीच्या भाताची सुशीही करता येते, असे एक वाक्य ओघात आले होते. त्या एका वाक्यावर सातारा, पाटण, कराड, सांगली, मिरज अशा ठिकठिकाणच्या वाचकांनी इतके प्रश्न पाठवले आहेत, की या वेळचे सदर संपूर्णपणे त्याच विषयाला देणे योग्य वाटले. एकसारखे प्रश्न एकत्र करून घेतले आहेत.

प्रश्न : पुण्यात शिकणारी नात सुट्टीला आली, की घरी सुशी करू या म्हणून आग्रह धरते. आमच्या घरात कोणीही मासे खात नाही. कच्चा मासा वगळला, तर सुशीत उरते तरी काय? – एक आजी, सातारा

उत्तर : उरतो तो भात, आणि सुशीचा सारा जीव त्या भातातच आहे. व्हिनेगर, साखर आणि मीठ लावलेला भात हा सुशीचा पाया असून त्याच्यासोबत मासा, अंडे, भाजी यांपैकी काहीही येऊ शकते. भाताशिवाय नुसता कच्चा मासा कापून वाढतात, तो पदार्थ निराळा. त्याला साशिमी म्हणतात. भाताला ही आंबट चव कोठून आली, हे कळले तर नातीलाही गंमत वाटेल. फार पूर्वी मासा टिकवण्यासाठी तो मीठ लावून शिजवलेल्या भातात महिनोन् महिने दाबून ठेवत असत. भात आंबला, की त्या आंबटपणामुळे मासा टिके, आणि खाताना मासा घेऊन भात टाकून दिला जाई. जपानमधील शिगा प्रांतात, बिवा सरोवराच्या परिसरात, या जुन्या पद्धतीची फुनाझुशी आजही केली जाते. पुढे आंबवण्याची वाट न पाहता भाताला थेट व्हिनेगर लावण्याची रीत पडली आणि 1820 च्या दशकात एदो शहरात, म्हणजे आजच्या तोक्योत, हानाया योहेई याने हातावर वळलेल्या भातावर माशाचा तुकडा ठेवून देण्याची पद्धत लोकप्रिय केली, असे मानले जाते.

आपल्या घरासाठी माशाची उणीव भासण्याचे कारण नाही. नोरी, म्हणजे समुद्री शेवाळाचा वाळवलेला कागद, त्यावर भात पसरून मध्ये सारण ठेवून गुंडाळतात. अशी नुसत्या काकडीची बारीक गुंडाळी, जिला कप्पामाकी म्हणतात, ती जपानमध्येही नेहमीची आहे. लोणच्यासारखा मुरवलेला मुळाही तिथे गुंडाळीत भरतात. मला स्वतःला सर्वांत जवळचे वाटते ते दुधी भोपळ्याचे सारण. दुधीच्या गराच्या लांबच लांब पट्ट्या सोलून त्या उन्हात वाळवतात. त्या पट्ट्यांना कांप्यो म्हणतात आणि जपानमध्ये तोचिगी प्रांत त्यासाठी ओळखला जातो. आपल्याकडे उन्हाळ्यात पापड-कुरडयांचे वाळवण घालतोच, त्याच वेळी गच्चीवर दोरीवर दुधीच्या पट्ट्या टाकाव्यात. सालकाढणीने बियांपर्यंत न जाता, बाहेरचा घट्ट गर तेवढाच लांब पट्ट्यांत काढावा. वापरताना मूठभर पट्ट्या मीठ लावून चोळाव्यात, धुवाव्यात, मऊ होईपर्यंत उकळाव्यात आणि मग सोया सॉस, साखर व थोड्या पाण्यात रस आटेपर्यंत मंद आचेवर शिजवाव्यात. गोडसर, खारट आणि किंचित चिवट असे हे सारण भाताच्या आंबटपणाला फार छान जुळते. पनीर घालावे का, असे अनेकींनी विचारले आहे. घालता येते, पण पनीरला स्वतःची चव कमी आणि ते कापताना भुरभुरते, म्हणून पट्ट्या आधी तेलावर परतून सोया सॉसमध्ये घोळवून घ्याव्यात. शाकाहारी कुटुंबांनी एक काळजी अवश्य घ्यावी. तयार मिळणाऱ्या काही जपानी सॉसमध्ये दाशी, म्हणजे माशाचा अर्क, असतो आणि मिरिन हे मूळचे तांदळाचे गोड मद्य आहे. तेव्हा बाटलीवरील घटकांची यादी वाचल्याशिवाय काही घेऊ नये.

प्रश्न : आमच्या शेतात इंद्रायणी पिकतो. तो सुशीला खरोखर चालेल, की जपानी तांदूळच आणावा लागेल? बासमतीचा प्रयोग केला, तर गुंडाळी कापताच सगळी शिते ताटभर झाली. – पाटण तालुक्यातील एक शेतकरी दांपत्य. (शिराळ्याहून आणि मेढ्याहूनही असेच प्रश्न आले आहेत.)

उत्तर : बासमतीने तसेच होणार. तांदळाच्या पिठूळ भागात अमायलोज आणि अमायलोपेक्टिन असे दोन घटक असतात. अमायलोजचे प्रमाण जास्त असेल, तर भात मोकळा, सुटासुटा होतो. ते कमी असेल, तर शिते एकमेकांना धरून राहतात. बासमती पहिल्या प्रकारात मोडतो, तर जपानी सुशीचा आखूड, जाडसर तांदूळ दुसऱ्या. इंद्रायणी ही आंबेमोहर 157 आणि आयआर 8 यांच्या संकरातून वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रात तयार झालेली आणि 1987 मध्ये प्रसारित झालेली जात आहे. तिचा भात मऊ आणि चिकट होतो, हा तिचा गुण आपण जाणताच. तेव्हा शिकताना महागाचा जपानी तांदूळ आणण्याची काहीही गरज नाही. फरक आहे तो सुवासाचा. जपानी तांदळाला जवळजवळ वास नसतो, इंद्रायणीला तो असतो. पण व्हिनेगर लागल्यावर तो पुष्कळ मागे सरतो आणि जो उरतो तो मला तरी खटकत नाही. हातसडीचा तांदूळ मात्र घेऊ नये, कारण कोंड्याच्या थरामुळे तो एकमेकांना नीट धरत नाही.

आता कृती नीट सांगते, कारण बहुतेकांचे घोडे येथेच अडते. 300 ग्रॅम तांदूळ घ्यावा. त्याच्या चार ते पाच गुंडाळ्या होतात. पाणी बरेचसे नितळ दिसेपर्यंत चार-पाच वेळा हलक्या हाताने धुवावा, चाळणीत निथळू द्यावा आणि मग मोजलेल्या पाण्यात अर्धा तास भिजवून त्याच पाण्यात शिजवावा. आपण रोजच्या इंद्रायणीला घालतो तेवढे पाणी येथे चालत नाही. एका वाटीला एक वाटी पाणी आणि वर दोन मोठे चमचे, एवढेच पुरे. तांदूळ नवा असेल, तर ते दोन चमचेही वगळावेत. जाड बुडाच्या पातेल्यात घट्ट झाकण ठेवून उकळी येईपर्यंत मध्यम आच, मग अगदी मंद आचेवर बारा मिनिटे आणि गॅस बंद केल्यावर झाकण न उघडता आणखी दहा-पंधरा मिनिटे वाफ जिरू द्यावी. कुकरमध्ये करणार असाल, तर तांदळाचे भांडे आत ठेवून मध्यम आचेवर दोन शिट्या कराव्यात आणि वाफ आपोआप उतरू द्यावी. शीत दाबून पाहिल्यास पूर्ण शिजलेले असावे, पण त्याचा आकार मोडलेला नसावा.

भात शिजेपर्यंत 45 मिलिलिटर व्हिनेगर, 20 ते 25 ग्रॅम साखर आणि 5 ग्रॅम मीठ हलके गरम करून विरघळवून घ्यावे, उकळू नये. व्हिनेगर निवडताना बाटली वाचावी. आपल्याकडे किराणा दुकानात स्वस्तात मिळणारे व्हिनेगर बहुधा अॅसेटिक आम्लापासून बनवलेले असते आणि तसे लेबलवर छापलेले असते. त्याचा झणका नाकात जातो आणि चव सपाट असते. तांदळाचे व्हिनेगर मिळाले, तर उत्तम. साताऱ्या-सांगलीच्या मोठ्या दुकानांत ते न मिळाल्यास सफरचंदाचे घ्यावे, मात्र ते थोडे अधिक आंबट असते म्हणून 35 ते 40 मिलिलिटर घेऊन उरलेली जागा पाण्याने भरावी.

हे मिश्रण भातात केव्हा आणि कशात मिसळायचे, याला मी सर्वांत जास्त महत्त्व देते. भात वाफाळता असतानाच मिसळावे, कारण गरम शीत ते आत ओढून घेते. निवलेल्या भातावर तेच मिश्रण नुसते बाहेर राहते आणि भात ओला, घसरडा होतो. जपानी स्वयंपाकी यासाठी उथळ लाकडी भांडे वापरतात, जे जास्तीचा ओलावा शोषून घेते. आपल्याकडे भाकरीचे पीठ मळण्याची लाकडी काथवट अजून पुष्कळ घरांत माळ्यावर असते. ती खाली काढून स्वच्छ धुवावी, ओल्या फडक्याने पुसावी आणि तीतच भात पसरावा. याहून योग्य भांडे बाजारात शोधूनही सापडणार नाही. काथवट नसेल, तर स्टीलची परात किंवा काचेचे पसरट भांडे घ्यावे. कल्हई गेलेली पितळी परात किंवा अॅल्युमिनियमचे भांडे मात्र कटाक्षाने टाळावे, कारण आम्लामुळे धातू भातात उतरतो. मिश्रण कालथ्यावरून चोहीकडे शिंपडावे आणि लाकडी कालथा तिरपा धरून भात कापल्यासारखा उकलत जावा. घोटू नये, घोटला की लापशी होते. त्याच वेळी दुसऱ्या कोणाला तरी पुठ्ठ्याने किंवा विंझण्याने वारा घालायला सांगावे. शितांवरचे पाणी उडून जाते आणि भाताला मंद तकाकी येते. ती डोळ्यांना स्पष्ट दिसते आणि ती दिसली, की भात साधला. मग ओलसर फडके झाकून, भात हाताला कोमट लागेल इतका निवू द्यावा. फ्रिजमध्ये ठेवून निववू नये.

प्रश्न : नोरीचे कागद मुंबईहून मागवले होते. श्रावणात पाकीट उघडले आणि दोन दिवसांत ते चामड्यासारखे चिवट झाले. टाकून द्यावेत का? शिवाय हे नेमके असते तरी काय? – एक वाचक, मिरज

उत्तर : टाकू नयेत. नोरी हवेतील दमटपणा फार लवकर ओढून घेते, एवढेच झाले आहे. गॅस अगदी मंद ठेवून, एकेक कागद चिमट्यात धरून ज्योतीपासून वीतभर उंचीवरून दोन-तीनदा फिरवावा, किंवा कोरड्या गरम तव्यावर दोन्ही बाजूंनी काही सेकंद टेकवावा. काळसर रंगात हिरवी झाक आली आणि कडेचा तुकडा मोडताना आवाज आला, की कागद पूर्ववत झाला. पाकीट फोडल्यावर उरलेले कागद घट्ट झाकणाच्या डब्यात, ओलावा शोषणारी पुडी टाकून ठेवावेत.

नोरी हे समुद्रातील तांबड्या शेवाळाचे पातळ थर वाळवून आणि भाजून केलेले कागद असतात. प्रमाण आकार साधारण 19 बाय 21 सेंटिमीटर. या शेवाळाची जपानमध्ये जुनी लागवड असली, तरी त्याचे बीज उन्हाळ्यात कोठे जाते, हे कोणाला ठाऊक नव्हते, त्यामुळे पीक नशिबावर अवलंबून असे. कॅथलीन ड्रू-बेकर या इंग्लंडमधील वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंनी 1949 मध्ये दाखवून दिले, की शिंपल्यांच्या कवचात वाढणारा एक सूक्ष्म गुलाबी जीव हीच या शेवाळाची दुसरी अवस्था आहे. त्या ज्ञानावर पुढे जपानी संशोधकांनी शिंपल्यांवर बीज वाढवण्याची पद्धत बसवली. त्या स्वतः कधी जपानला गेल्या नाहीत. पण कुमामोतो प्रांतातील उतो येथे मासेमारांनी त्यांचे स्मारक 1963 मध्ये उभारले. नोरीचा कागद हातात घेताना ही बाई आठवावी, असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : भात जमतो, पण गुंडाळी कधी फाटते, कधी सैल राहते आणि कापताना चेपते. विळीवर कापली तर? – एक गृहिणी, कराड

उत्तर : फाटण्याचे कारण बहुधा जास्त भात हेच असते. नोरीची खरबरीत बाजू वर ठेवावी, हात व्हिनेगरचा थेंब टाकलेल्या पाण्यात ओले करून झटकावेत आणि भाताचा इतका पातळ थर पसरावा, की अधूनमधून खालची नोरी दिसत राहील. शिते बोटांनी ढकलत न्यावीत, दाबू नयेत. आपल्यापासून लांबच्या कडेला दोन सेंटिमीटर पट्टी मोकळी सोडावी. सारण आपल्या बाजूच्या एक तृतीयांश भागावर आडवे ठेवावे. काकडी बिया काढून, मीठ लावून, पुसून कोरडी केलेली असावी. बांबूची चटई उचलून आपल्याकडील कड सारणावरून पलीकडे नेऊन टेकवावी, चटईवरूनच चारही बोटांनी आपल्याकडे ओढून घट्ट करावी आणि मग उरलेली गुंडाळावी. हा मधला ओढण्याचा क्षण चुकला, तर गुंडाळी सैल राहते. चटई नसेल, तर जाड सुती नॅपकिनवर प्लॅस्टिकचा कागद पसरून काम भागते. जोडाची बाजू खाली करून दोन-तीन मिनिटे ठेवावी, म्हणजे ओलाव्याने ती चिकटते.

विळीवर कापू नये. तिच्यावर गुंडाळी दोन्ही हातांनी पात्यावर रेटावी लागते आणि त्याच दाबाने ती चेपते. पातळ पात्याची लांब सुरी घ्यावी, धार आधी लावून घ्यावी, प्रत्येक कापानंतर पाते ओल्या फडक्याने पुसावे आणि खाली न दाबता लांब ओढून कापावे. आधी मधोमध दोन भाग, मग प्रत्येकाचे तीन किंवा चार तुकडे.

प्रश्न : आम्ही मासे आवडीने खातो. बाजारात रत्नागिरीहून बर्फात आलेली ताजी सुरमई मिळते आणि कृष्णेचा मासाही मिळतो. यांपैकी कोणता कच्चा वापरावा? – एक वाचक, सांगली

उत्तर : कोणताही नाही. हे मी स्पष्टपणे सांगते, कारण येथे चूक झाली, तर ती पदार्थ बिघडण्यापुरती राहत नाही. गोड्या पाण्यातील माशांत यकृतातील चपट्या कृमींसारखे, माणसालाही जडणारे परजीवी असू शकतात. नदीचा मासा शिजवूनच खावा. समुद्रातील माशांत अॅनिसाकिस नावाचे कृमी असतात. कच्चा खायचा मासा उणे 20 अंश सेल्सिअसला सात दिवस, किंवा उणे 35 अंशांवर घट्ट गोठवून पंधरा तास ठेवला, तर हे कृमी मरतात, असा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा निकष आहे. घरच्या फ्रिजचा बर्फकप्पा बहुधा उणे 18 पर्यंतच जातो, तोही दिवसातून दहादा उघडला जातो आणि वीज गेली, की वर चढतो. गोठवल्याने जिवाणू मरत नाहीत, ही आणखी एक बाब. सुरमई आणि बांगड्याच्या बाबतीत तर पकडल्यापासून थंडावा जरा तुटला, तरी मांसात हिस्टामिन तयार होते, आणि ते गोठवण्याने किंवा शिजवण्यानेही जात नाही. घाट ओलांडून सांगलीला आलेला मासा कालवणासाठी आपल्या नजरेने पारखता येतो. कच्चा खाण्याच्या लायकीचा आहे की नाही, हे नजरेला कळत नाही.

आपल्या आवडीला मुरड घालण्याचे मात्र कारण नाही. सुशीतील कोळंबी परंपरेनेच उकडलेली असते. साल न काढता, पोटाच्या बाजूने डोक्यापासून शेपटीपर्यंत बांबूची बारीक काडी सरळ खुपसावी, म्हणजे उकळताना ती वेटोळी होत नाही. मिठाच्या उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटे, रंग पूर्ण पालटेपर्यंत शिजवून लगेच बर्फाच्या पाण्यात टाकावी, काडी फिरवत काढावी, मग साल सोलून पोटाकडून उभी चिरून पुस्तकासारखी उघडावी आणि काळा दोरा काढून टाकावा. सुरमईची तुकडी भाजून, काटे काढून, थोड्या मेयोनीजमध्ये कालवली, तर गुंडाळीत सुरेख लागते. साखर आणि सोया सॉस घालून थरावर थर गुंडाळलेले ऑम्लेट हेही सुशीतील मानाचे सारण आहे.

प्रश्न : वासाबी आणि ते गुलाबी आले मिळत नाही. त्याऐवजी काय? – कोरेगाव

उत्तर : कोरेगावहून आल्याविषयी प्रश्न यावा, याचा मला आनंदच वाटला, सातारी आले सर्वदूर जाते आणि ते आपल्या शिवारात आहे. पातळ सालीचे, रेषा न धरलेले कोवळे आले मिळेल तेव्हा घ्यावे, चमच्याने खरवडून साल काढावी आणि सालकाढणीने कागदासारख्या चकत्या काढाव्यात. मीठ लावून अर्धा तास ठेवून, उकळत्या पाण्यातून एक मिनिट काढून पिळून घ्याव्यात. 200 ग्रॅम आल्याला 150 मिलिलिटर व्हिनेगर आणि 60 ते 70 ग्रॅम साखर उकळून गरम असतानाच बरणीत ओतावी. कोवळ्या आल्याच्या कोंबाजवळचा गुलाबी रंग आम्लाने खुलतो. निबर आले पिवळसरच राहते, चवीत उणे काही नसते. दोन दिवसांनी खाता येते आणि फ्रिजमध्ये महिनाभर सहज टिकते. हे आले दोन घासांमध्ये तोंड स्वच्छ करण्यासाठी खायचे असते, गुंडाळीवर ठेवून नव्हे.

वासाबीची नळी न मिळाल्याचे वाईट वाटून घेऊ नये. तशा नळ्यांत बहुधा हॉर्सरॅडिश नावाचे मूळ, मोहरी आणि हिरवा रंगच असतो. वासाबीचा नाकात जाणारा झणका ज्या द्रव्यामुळे येतो, तेच द्रव्य मोहरीतही तयार होते. तेव्हा लोणच्यासाठी आपण मोहरी फेसतो, तशीच थोडी मोहरीची डाळ बारीक वाटून थंड पाण्यात फेसावी आणि दहा मिनिटे झाकून ठेवावी. पाणी गरम घेतले किंवा सुरुवातीलाच व्हिनेगर घातले, तर झणका उठत नाही, कारण तो निर्माण करणारे विकर (एन्झाइम) त्यामुळे निकामी होते. तांदळाच्या दाण्याएवढीच लावावी. सोया सॉस चायनीज पदार्थांसाठीचा दाट, काळा घेऊ नये. त्यात भात काळवंडतो. नैसर्गिकरीत्या आंबवलेला पातळ सॉस घ्यावा आणि त्यात भाताची नव्हे, सारणाची बाजू जेमतेम बुडवावी.

प्रश्न : सकाळी केलेली सुशी मुलांच्या डब्यात दुपारपर्यंत राहील का? रात्री करून फ्रिजमध्ये ठेवली तर? – एक आई, विटा

उत्तर : रात्री करून ठेवू नये. फ्रिजच्या थंडीत भातातील पिष्ट पुन्हा कडक होते आणि सकाळी शिते खडखडीत लागतात. ती मऊ करण्यासाठी गरम केली, तर नोरीचे आणि काकडीचे काही खरे नाही. सकाळी केलेली भाजीची सुशी चार तासांच्या आत खाल्ली जाणार असेल, तर द्यावी. शिजवलेल्या भातात बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू जिवंत राहू शकतात आणि उबेत वाढून उलट्या घडवतात. व्हिनेगरमुळे त्यांची वाढ मंदावते, म्हणून डब्याच्या भातात व्हिनेगर कमी करण्याचा मोह टाळावा. एप्रिल-मेच्या उन्हात अंडे, कोळंबी किंवा मेयोनीजचे सारण डब्यात अजिबात देऊ नये. भात पूर्ण निवल्यावरच डबा बंद करावा, नाहीतर आत वाफ धरते. नोरी दुपारपर्यंत मऊ पडणारच; मुलांना ती कुरकुरीत हवी असेल, तर भाताचे छोटे मुटके करून मध्ये काकडी किंवा दुधीचे सारण भरावे, नोरीच्या पट्ट्या वेगळ्या कोरड्या पिशवीत द्याव्यात आणि खाताना मुटक्याभोवती गुंडाळायला शिकवावे.